एका अमिनो आम्लाचा फरक : सिकलसेल, रक्तातील प्रथिने आणि भंडारा जिल्ह्यातील आपल्या वस्त्या

भंडारा, मोहाडी, तुमसर, लाखनी, साकोली, लाखांदूर, पवनी. जिल्ह्यातील या सातही तालुक्यांत सिकलसेल हा शब्द माहीत नाही अशी बौद्ध वस्ती सापडणे कठीण आहे. कुणाच्या मुलाचे हातपाय थंडीत असह्य दुखतात, कुणाच्या मुलीचे डोळे वारंवार पिवळे होतात, कुणाला दर काही महिन्यांनी रक्त चढवावे लागते. शब्द माहीत आहे, पण हा आजार नेमका कशाचा, याबद्दल गैरसमज फार आहेत. कुणी त्याला रक्ताची कमी म्हणतो, कुणी कावीळ समजून झाडपाल्याचे औषध देणाऱ्याकडे जातो, कुणी घरात आलेल्या सुनेला दोष देतो.

सिकलसेल हा प्रथिनाच्या रचनेचा आजार आहे. दहावी-बारावीच्या विज्ञानात आणि पुढे डीएमएलटी, नर्सिंग, फार्मसीच्या अभ्यासात 'प्रथिनांची रचना व वर्गीकरण' हा धडा असतो. परीक्षेपुरता पाठ करून आपण तो सोडून देतो. पण विदर्भातील बौद्ध तरुणासाठी हा धडा घरातला आहे. तो नीट समजला तर लॅबचा रिपोर्ट वाचता येतो, लग्नाआधी योग्य प्रश्न विचारता येतो आणि वस्तीतल्या रुग्णाला वेळेवर दवाखान्यात पोहोचवता येते.

प्रथिन म्हणजे काय?

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. आपल्या शरीरातील प्रथिने मुख्यतः २० प्रकारच्या अमिनो आम्लांपासून बनतात. कोणत्या क्रमाने कोणते अमिनो आम्ल ओवायचे, हे जनुकात लिहिलेले असते. या माळेची रचना चार पातळ्यांवर समजून घेतात.

पहिली पातळी म्हणजे मण्यांचा क्रम. याला प्राथमिक रचना म्हणतात. दुसऱ्या पातळीवर ही माळ काही ठिकाणी स्प्रिंगसारखी गुंडाळली जाते, तर काही ठिकाणी घडीच्या कागदासारखी पसरते. या द्वितीयक रचनेला अल्फा हेलिक्स आणि बीटा शीट ही नावे आहेत. तिसऱ्या पातळीवर संपूर्ण माळ स्वतःभोवती दुमडून एक ठरावीक आकार घेते. पाण्याला जवळ करणारी अमिनो आम्ले बहुधा बाहेरच्या बाजूला येतात आणि पाण्यापासून दूर राहणारी आत लपतात. ही तृतीयक रचना. चौथ्या पातळीवर अशा दोन किंवा अधिक माळा एकत्र येऊन एक काम करणारे प्रथिन तयार होते. ही चतुर्थक रचना.

हिमोग्लोबिन हे चौथ्या पातळीचे उत्तम उदाहरण आहे. प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा आणि दोन बीटा अशा चार साखळ्या असतात. अल्फा साखळीत १४१ अमिनो आम्ले, बीटा साखळीत १४६. चारही मिळून ५७४. प्रत्येक साखळीच्या कुशीत लोह असलेला 'हीम' नावाचा एक घटक बसलेला असतो. ऑक्सिजन धरतो तो या लोहावर. फुप्फुसात ऑक्सिजन उचलायचा आणि शरीरभर पोहोचवायचा, हे काम चारही साखळ्या एकमेकींना साथ देत करतात.

वर्गीकरण कशासाठी?

प्रथिनांचे वर्गीकरण तीन प्रकारे करतात. आकारावरून पाहिले तर काही प्रथिने गोलसर आणि पाण्यात विरघळणारी असतात, जसे अल्ब्युमिन आणि हिमोग्लोबिन. काही लांब तंतूंसारखी आणि न विरघळणारी असतात, जसे केसातील केराटिन आणि कातडी-हाडांतील कोलॅजन.

घटकांवरून पाहिले तर काही साधी प्रथिने असतात, म्हणजे फक्त अमिनो आम्लांची बनलेली. काही संयुक्त असतात, म्हणजे त्यांच्यासोबत आणखी काही जोडलेले असते. हीम जोडलेले हिमोग्लोबिन, चरबी वाहून नेणारी लिपोप्रथिने, साखर जोडलेली ग्लायकोप्रथिने ही सगळी संयुक्त प्रथिने. प्रथिन तुटून जे तुकडे तयार होतात, त्यांना साधित प्रथिने म्हणतात.

तिसरे वर्गीकरण कामावरून. वाहतूक करणारी, रक्षण करणारी, रासायनिक क्रिया घडवणारी, शरीराला आधार देणारी, निरोप पोहोचवणारी.

परीक्षेत हे तक्ते पाच गुणांसाठी येतात. पण यातल्या पहिल्याच ओळीत सिकलसेलचे सगळे दुखणे आहे. हिमोग्लोबिन हे गोलसर, विरघळणारे प्रथिन. सिकलसेलमध्ये तेच प्रथिन ऑक्सिजन सोडल्यावर एकमेकांना चिकटून लांब, ताठ तंतू तयार करते. ज्याने विरघळून राहायचे, ते तंतूसारखे वागू लागते.

सहाव्या जागेवरचा बदल

हे कसे घडते ते पाहू. बीटा साखळी अशी सुरू होते : व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन आणि सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्ल. सिकलसेलमध्ये जनुकातील एकच अक्षर बदललेले असते. त्यामुळे सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. १४६ पैकी १४५ जागा जशाच्या तशा, फक्त एक वेगळी.

पण ही एक जागा बाहेरच्या बाजूला आहे. ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो आणि ते पाण्यात सुखाने राहते. व्हॅलिनवर भार नसतो आणि ते पाणी टाळते. ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचा आकार थोडा बदलतो. शेजारच्या हिमोग्लोबिनवर एक खाच उघडी पडते आणि हे व्हॅलिन त्या खाचेत जाऊन बसते. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे करत हजारो रेणूंचे दोर तयार होतात. ते लाल पेशीला आतून ताणतात आणि मऊ, वाटोळी पेशी विळ्यासारखी कडक होते. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून हे नाव.

निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकल झालेली पेशी साधारण १० ते २० दिवसांत फुटते. नवीन पेशी कितीही वेगाने बनवल्या तरी शरीराला ही तूट भरून काढता येत नाही, म्हणून रक्त कमी राहते. कडक पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढच्या भागाला ऑक्सिजन मिळत नाही आणि तीव्र वेदना सुरू होतात. थंडी, ताप, शरीरातले पाणी कमी होणे, अतिश्रम यांनी ही अडवणूक वाढते. धान रोवणीच्या दिवसांत दिवसभर पाण्या-चिखलात वाकून काम करणाऱ्या किंवा उन्हात पाणी न पिता राबणाऱ्या रुग्णाला त्रास का होतो, याचे उत्तर येथे आहे. ते आळशीपणाचे सोंग नसते.

हे कसे कळले?

शिकागोतील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये विळ्याच्या आकाराच्या पेशींचे पहिले वर्णन छापले. रुग्ण होता ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेला एक कृष्णवर्णीय विद्यार्थी. १९४९ मध्ये लिनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाचे आणि निरोगी माणसाचे हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात ठेवले. दोन्ही वेगवेगळ्या गतीने सरकले. याचा अर्थ दोघांचा विद्युतभार वेगळा होता. सिकलसेल हा रेणूचा आजार आहे, हे तेव्हा सिद्ध झाले. नेमका बदल कुठे आहे, हे व्हर्नन इनग्राम यांनी केंब्रिजमध्ये शोधले. त्यांचा पहिला निबंध ऑक्टोबर १९५६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला आणि कोणते अमिनो आम्ल बदलले ते १९५७ मध्ये स्पष्ट झाले.

ऑक्टोबर १९५६ हा महिना आपल्याला वेगळा सांगायला नको. त्याच महिन्याच्या १४ तारखेला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली. त्या मैदानावर भंडाऱ्याहून गेलेल्या अनेकांच्या रक्तात हा बदल होता, पण त्यांना ते माहीत असण्याचा मार्ग नव्हता. मध्य भारतातील सिकलसेलबद्दल नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला तो १९५८ मध्ये. म्हणजे आपल्या भागात हा आजार आहे, हे वैद्यकशास्त्राला कळून साठहून अधिक वर्षे झाली आहेत. आज आपण 'माहीत नव्हते' असे म्हणू शकत नाही.

आपल्याच समाजात का?

हा प्रश्न तरुण नेहमी विचारतात. उत्तर दोन भागांत आहे.

पहिला भाग मलेरियाचा. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच हे जनुक मिळालेली व्यक्ती वाहक असते. तिला एएस म्हणतात. वाहकाला सहसा आजार होत नाही, उलट लहानपणी फॅल्सिपॅरम मलेरियापासून मोठे संरक्षण मिळते. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत हे दाखवले. जंगल, तळी आणि मलेरिया असलेल्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या वाहक जास्त संख्येने जगले आणि जनुक टिकून राहिले. म्हणून हे जनुक आफ्रिकेत, अरबस्तानात आणि मध्य भारतात दिसते. विदर्भात ते बौद्ध समाजात आणि गोंड, परधान अशा आदिवासी समाजांत जास्त आहे. कुणबी, तेली अशा इतर समाजांतही ते आढळले आहे. त्यात पाप-पुण्याचा, पूर्वजन्माचा किंवा एखाद्या समाजाच्या कमीपणाचा काही संबंध नाही.

दुसरा भाग जातीचा. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या 'भारतातील जाती' या निबंधात बाबासाहेबांनी सांगितले की जातीचा गाभा अंतर्विवाहात आहे. जातीतच लग्न, पोटजातीतच लग्न, ठरावीक गावांतच सोयरीक आणि काही घरांत मामेबहिणीशीच लग्न. यामुळे जनुक त्याच घरांत फिरत राहते आणि दोन वाहकांची गाठ पडण्याची शक्यता वाढते. बाबासाहेबांनी समाजशास्त्राच्या अंगाने जी गोष्ट मांडली, तिची किंमत आपली मुले रक्ताने मोजत आहेत. मात्र येथे एक सावधगिरी हवी. विदर्भात हे जनुक अनेक समाजांत असल्यामुळे आंतरजातीय लग्न केले म्हणून तपासणी टाळता येत नाही.

गणित समजून घ्या

आई-वडील दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस म्हणजे रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, एएस म्हणजे वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी म्हणजे एए असण्याची २५ टक्के. 'पहिले मूल रुग्ण झाले, आता पुढची तीन चांगली होतील' हा समज चुकीचा आहे. प्रत्येक वेळी शक्यता नव्याने तेवढीच असते.

एक जण एएस आणि दुसरा एए असेल तर मूल रुग्ण होत नाही. निम्मी शक्यता वाहक होण्याची असते, इतकेच. म्हणून वाहक असणे हे लग्न मोडण्याचे कारण नाही. रुग्ण मुलाला एक जनुक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेले असते. दोघांचा वाटा सारखाच असतो. त्यामुळे 'सुनेने आजार आणला' हे वाक्य ज्या घरात बोलले जाते, तेथे कार्यकर्त्याने हे गणित कागदावर मांडून दाखवावे.

तपासणी कोणती करायची?

शिबिरात सर्वप्रथम होते ती विद्राव्यता चाचणी. नळीतील रसायनात दोन थेंब रक्त टाकतात. सिकल हिमोग्लोबिन ऑक्सिजन काढून घेतल्यावर विरघळत नाही, म्हणून नळी गढूळ होते आणि मागे धरलेल्या ओळी दिसत नाहीत. ही चाचणी स्वस्त आणि झटपट आहे, पण ती एएस आणि एसएस यांतला फरक सांगत नाही. सहा महिन्यांखालील बाळात आणि रक्त खूपच कमी असलेल्या माणसात ती चुकून निगेटिव्ह येऊ शकते.

म्हणून पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. पॉलिंग यांनी वापरलेले तत्त्व इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये आजही तेच आहे. सिकल हिमोग्लोबिनच्या दोन्ही बीटा साखळ्यांवर ऋण भार कमी असतो, म्हणून ते धन टोकाकडे सावकाश सरकते आणि पट्टी मागे राहते. एचपीएलसीमध्ये कोणते हिमोग्लोबिन किती टक्के, हे आकड्यात मिळते. वाहकाच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ए जास्त आणि एस त्याहून कमी असते. एसएस रुग्णात ए जवळजवळ नसते, एस सर्वांत जास्त आणि एफ म्हणजे गर्भातील हिमोग्लोबिन वाढलेले असते.

एचपीएलसीचा आणखी एक फायदा आहे. एका जोडीदाराकडे सिकलचे आणि दुसऱ्याकडे बीटा थॅलेसेमियाचे जनुक असेल, तरीही मुलाला गंभीर आजार होऊ शकतो. थॅलेसेमियाचा वाहक विद्राव्यता चाचणीत दिसतच नाही. म्हणून 'एकाची चाचणी पॉझिटिव्ह, दुसऱ्याची निगेटिव्ह, काळजी नाही' असे ठरवण्याआधी दोघांचीही एचपीएलसी झालेली हवी. आणि नुकतेच रक्त चढवले असेल तर ते आधी लॅबमध्ये सांगा, कारण त्या रिपोर्टमध्ये रक्तदात्याचे हिमोग्लोबिन मिसळलेले असते.

रक्तद्रवातील प्रथिने काय सांगतात?

रुग्णाच्या फाइलमध्ये आणखी एक कागद असतो. त्यावर टोटल प्रोटीन, अल्ब्युमिन, ग्लोब्युलिन, ए-जी रेशो असे लिहिलेले असते. ही प्रथिने लाल पेशीच्या आतली नसून रक्ताच्या पिवळसर द्रवातली म्हणजे रक्तद्रवातली असतात. रक्त गोठू दिले आणि वरचा द्रव घेतला तर त्याला सीरम म्हणतात. गोठताना फायब्रिनोजेन हे प्रथिन वापरले जाते, म्हणून सीरममध्ये ते नसते.

निरोगी प्रौढात एकूण प्रथिने साधारण ६ ते ८ ग्रॅम प्रति डेसीलीटर असतात. त्यात अल्ब्युमिन ३.५ ते ५ ग्रॅम. प्रत्येक लॅबची मर्यादा थोडी वेगळी असते, ती रिपोर्टवरच छापलेली असते. सीरम विजेच्या क्षेत्रात ठेवले की त्याचे पट्टे पडतात : अल्ब्युमिन, अल्फा-१, अल्फा-२, बीटा आणि गॅमा.

अल्ब्युमिन यकृतात तयार होते. ते रक्तवाहिनीत पाणी धरून ठेवते आणि बिलिरुबिन, कॅल्शियम, अनेक औषधे वाहून नेते. ते खूप कमी झाले की पायावर आणि पोटात पाणी साचते. पण अल्ब्युमिन कमी म्हणजे 'खाण्यात प्रोटीन कमी' असा थेट अर्थ काढू नये. यकृत बिघडले, मूत्रपिंडातून प्रथिने वाहून गेली किंवा शरीरात मोठा संसर्ग असला तरी ते घटते. सिकलसेल वाढत्या वयात यकृत आणि मूत्रपिंड या दोघांनाही इजा करतो. म्हणून रुग्णाची लघवीतील प्रथिनांची तपासणी वेळोवेळी व्हायला हवी. मूत्रपिंडाचे नुकसान सुरुवातीला दुखत नाही, ते तपासणीतच कळते.

अल्फा-२ पट्ट्यात हॅप्टोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. लाल पेशी फुटून बाहेर आलेले हिमोग्लोबिन पकडून नेणे हे त्याचे काम. सिकलसेलमध्ये पेशी इतक्या फुटतात की हॅप्टोग्लोबिन संपत येते आणि रिपोर्टमध्ये फार कमी दिसते. मग मोकळे हिमोग्लोबिन रक्तद्रवात फिरते, रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड वायू शोषून घेते आणि वाहिन्या आकसतात. बीटा पट्ट्यातील ट्रान्सफेरिन लोह वाहून नेते. गॅमा पट्ट्यात रोगांशी लढणारी प्रतिपिंडे असतात. वारंवार संसर्ग होणाऱ्या रुग्णात हा पट्टा अनेकदा जाड दिसतो.

फुटलेल्या पेशींतील हीमपासून बिलिरुबिन तयार होते आणि डोळे पिवळे होतात. ही विषाणूची कावीळ नसते. डोळे पिवळे दिसले की गळ्यात माळ घालणे, हात धुऊन कावीळ उतरवणे, मुळी देणे यांत दिवस जातात आणि त्याच काळात रुग्णाचे रक्त धोकादायक पातळीवर उतरू शकते.

रक्त कमी आहे, मग लोहाच्या गोळ्या?

सिकलसेलमधील रक्ताची कमतरता पेशी फुटल्यामुळे असते. लोहाच्या गोळ्यांनी ती भरून निघत नाही. ज्यांना वारंवार रक्त चढवले जाते त्यांच्या शरीरात लोह उलट साचत जाते आणि यकृत-हृदयाला त्रास होतो. काही रुग्णांत, विशेषतः मुलींत, लोहाची कमतरताही सोबत असू शकते. ते तपासून डॉक्टरच ठरवतील. फॉलिक आम्लाची गोळी मात्र नेहमी लागते, कारण नव्या पेशी सतत बनत असतात.

प्रोटीन पावडरचे महागडे डबेही येथे उपयोगाचे नाहीत. बदल जनुकात आहे, ताटात नाही. पण चांगला आहार हवाच. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, डाळींत मेथिओनिन कमी असते. वरण-भात एकत्र खाल्ला की एकाची उणीव दुसरा भरतो. तलावांच्या या जिल्ह्यात मिळणारे मासे आणि अंडी ही उत्तम प्रथिने आहेत.

उपचार आहेत

सिकलसेल म्हणजे लहान वयात मृत्यू, ही समजूत जुनी झाली आहे. हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भातील हिमोग्लोबिन वाढवते. हे हिमोग्लोबिन सिकलच्या दोरात सामील होत नाही, म्हणून दोर तुटतात. वेदनेचे झटके आणि रक्त चढवण्याची गरज कमी होते. हे औषध भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्ततपासणी करत घ्यायचे असते. मूल हवे असल्यास किंवा गरोदरपणात त्याबद्दल आधी डॉक्टरांशी बोलावे. लहान मुलांना पेनिसिलिन आणि न्यूमोकॉकसची लस दिल्याने जीवघेणे संसर्ग टळतात. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये जनुक संपादनावर आधारलेल्या उपचाराला मान्यता मिळाली, पण त्याची किंमत सध्या आपल्या आवाक्याबाहेरची आहे.

काही लक्षणे दिसली तर रात्रही काढू नये : मोठा ताप, छातीत दुखून दम लागणे, अचानक पांढरेफटक पडणे, पोटाच्या डाव्या बाजूला पानथरी फुगणे, हात-पाय किंवा तोंड एका बाजूला लुळे पडणे. लगेच दवाखाना गाठावा आणि 'सिकलसेलचा रुग्ण आहे' हे पहिल्याच वाक्यात सांगावे.

हक्क आणि काम

राष्ट्रीय सिकलसेल अ‍ॅनिमिया निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले. २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट आहे आणि शून्य ते ४० वयोगटातील ७ कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य आहे. अभियानाचा भर आदिवासी भागांवर आहे आणि तो योग्यच आहे. पण २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १२ लाख लोकसंख्येच्या भंडारा जिल्ह्यात अनुसूचित जमाती साधारण ७ टक्के आणि अनुसूचित जाती साधारण १७ टक्के आहेत. येथे केवळ आदिवासी गावे मोजली तर बौद्ध वस्त्यांतील रुग्ण मोजणीबाहेर राहतील. आदिवासी बांधवांच्या वाट्याचे काही न घेता, 'आमच्या वस्तीतही पूर्ण तपासणी करा' ही मागणी ग्रामसभेत, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि जिल्हा परिषदेत लेखी मांडली पाहिजे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करता येतो. सरकारी नोकरीतील ४ टक्के आरक्षणाच्या कलमात मात्र रक्ताच्या आजारांचा समावेश केलेला नाही. शिक्षणात मान्य केलेला त्रास नोकरीत का मान्य नाही, हा प्रश्न विद्यार्थी संघटनांनी लावून धरण्यासारखा आहे. सिकलसेल रुग्णाला सरकारी रक्तपेढीतून रक्त मोफत मिळायला हवे, हेही लक्षात ठेवा.

आपल्या हातात असलेली कामे साधी आहेत. १४ एप्रिल आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात आरोग्य विभागाला सोबत घेऊन विहारात तपासणी ठेवता येते. तपासणी करून थांबू नये. पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाची एचपीएलसी झाली का, त्याला रिपोर्ट समजावून सांगितला का, याचा पाठपुरावा आशाताईंसोबत करावा. वधू-वर परिचय मेळाव्यात तपासणीची सोय असावी, पण कुणाचा रिपोर्ट पुस्तिकेत छापू नये किंवा व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकू नये. तो त्या मुला-मुलीचा खासगी कागद आहे. दोघेही वाहक निघाले तर समुपदेशन घ्यावे. लग्नानंतर गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाची तपासणी करण्याची सोय मोठ्या केंद्रांत आहे. निर्णय त्या जोडप्याचा, आणि त्यात मुलीचे मत पहिले.

भंडाऱ्यातील जो तरुण आज डीएमएलटी, नर्सिंग किंवा बीएस्सी करत आहे, त्याने एक काम पुढच्या आठवड्यात करावे. आपल्या वस्तीतील एका रुग्णाच्या घरी जावे, फाइल उघडावी आणि एचपीएलसीपासून अल्ब्युमिनपर्यंत प्रत्येक ओळ त्या घराला मराठीत समजावून सांगावी. जे समजणार नाही ते डॉक्टरांना विचारून पुन्हा जावे.

जयभीम.